रानाला कान

‘सळसळ’ हा शब्द मला आवडत नाही. त्याचं काही वाईट नाही, पानं हलली की तसा आवाज होतो, मान्य आहे. पण मला तो ऐकवत नाही. आणि काल हाच शब्द मी माझ्या तोंडानं माझ्या नातीला सांगितला.

नात तिसरीत आहे, सई तिचं नाव. लातूरच्या आमच्या घराच्या ओट्यावर मी हरभरा सोलत बसले होते, तेवढ्यात ती वही घेऊन आली. बाईंनी गाळलेल्या जागा भरायला दिल्या होत्या. विजांचा कडकडाट तिनं भरला होता, घुंगरांची छुमछुम भरली होती. एका जागी येऊन अडली होती.

“आजी, वाऱ्यानं पीक कसं वाजतं?”

“कोणतं पीक? हिरवं का पिकलेलं?”

“तसं काही दिलं नाही गं. एकच शब्द लिहायचाय. लवकर सांग, मला खेळायला जायचंय.”

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. खरा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मग वाटलं, बाई लाल रेघ मारतील, पोरगी वर्गात खाली बघेल, कशाला? “सळसळ लिही,” म्हणाले. तिनं लिहिलं आणि पळाली. हरभरा तसाच राहिला माझ्या पुढ्यात.

माघ सरत आला की आमच्या घरासमोरून कडब्याच्या गाड्या जायला लागतात. पूर्वी बैलगाड्या जायच्या, आता ट्रॅक्टर. भरलेल्या पेंढ्या रस्त्याकडच्या बाभळींना घासत जातात आणि चार वाळली पानं आमच्या दारात पडतात. मी ती उचलते, कानाशी धरते, बोटांनी चुरते. सून हसते. “आई, कडबा खाता काय आता?” म्हणते. हसू दे बापडीला. तिला काय माहीत, त्या आवाजात माझं पन्नास वर्षांपूर्वीचं उदगीर आहे, आणि एक माणूस आहे ज्याला मी अजून माफ केलेलं नाही.

उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. राज्य निजामाचं. शेवटचीच वर्षं होती ती, पण शेवटची आहेत हे तेव्हा कोणाला ठाऊक? शाळेला मदरसा म्हणायचे. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, हजेरीसुद्धा “हाजिर जनाब”. मराठीला दिवसाचा एक तास, तोही शेवटचा, पोरांचं चित्त घराकडं लागलेलं असताना. वर्गात चाळीस मुलं होती आणि आम्ही तीन मुली. मी दहा वर्षांची. आमचं रान आणि घर गावाबाहेर, मदरसा तिथून अर्ध्या कोसावर. जाताना पाटी डोक्यावर धरायची, ऊन लागू नये म्हणून.

त्या शेवटच्या तासाला दिगूमास्तर यायचे. मूळचे नांदेडचे. बायको-पोरं नांदेडला, म्हातारी आई नांदेडला, आणि हे इकडं एका खोलीत हातानं भाकरी थापून खाणारे. बदलीसाठी त्यांचे अर्जावर अर्ज चालले होते, हे आम्हा पोरांनाही माहीत होतं. उंच, किडकिडीत माणूस, खांद्यावर उपरणं, आणि कान केवढे मोठे! पोरं मागं हसायची. मी हसत नव्हते. मला त्या माणसानं पहिल्या आठवड्यातच जिंकून घेतलं होतं.

कसं जिंकलं ते सांगते. आम्ही पाटीवर निबंध लिहिला, ‘आमची विहीर’. मी लिहिलं होतं, ‘बादली सोडली की आवाज येतो.’ मास्तरांनी पाटी सगळ्या वर्गाला दाखवली.

“आवाज येतो म्हणे! कसला येतो? कसा येतो? आवाज काय घोड्यावर बसून येतो का, गोदे?”

वर्ग खो खो हसला. मी लाल झाले.

“जा घरी. विहिरीशी बस. बादलीला विचार, बाई, तू कशी वाजतेस. आणि उद्या मला सांग.”

मी खरंच बसले. माय पाणी शेंदत होती आणि मी काठावर हनुवटी टेकून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, “मास्तर, बादली पडताना धबकन वाजते. मग बुडताना गुडगुड करते. वर येताना पाणी सांडतं ते चुळ्ळ चुळ्ळ. आणि कप्पी सगळा वेळ कुईं कुईं करून राहती, तिला कोणी विचारतच न्हाई.”

मास्तर खुर्चीवरून उठले. त्यांनी टेबलातून एक कोरी वही काढली, पुठ्ठ्यावर लिहिलं ‘आवाजांची वही’, आणि पहिल्या पानावर माझे शब्द लिहून पुढं माझं नाव टाकलं. गोदावरी. शाईनं लिहिलेलं माझं नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या वहीत.

मग नेमच झाला. रोज प्रत्येकानं एक आवाज घेऊन यायचा. मास्तर दारातच विचारायचे, “काय आणलंस?” आणि कोणी म्हणायचं, “तव्यावरचा चर्रर्र आणला,” कोणी म्हणायचं, “बैल कडबा खातो तो कराकरा आणला.” रिकाम्या हातानं आलेल्याला दाराबाहेर उभं करायचे, “जा, बाहेर उभा राहून एखादा धरून आण,” म्हणायचे. कधी एखाद्याच्या डोळ्यांना उपरणं बांधायचे आणि त्याच्या मागं काही तरी करायचे. सुपात जोंधळे पाखडायचे, केरसुणी ओढायची, बाभळीची वाळली शेंग हलवायची. पोरानं नुसतं “शेंग” म्हटलेलं चालायचं नाही. कशी वाजली ते सांगायचं. खुळखुळ का छुळछुळ? शेंगेतलं बी सुटलेलं आहे का अजून धरलेलं आहे? माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं खोलात जाऊन काही विचारलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीला तेव्हा विचारायचेच काय? पाणी आणलंस का, शेण गोळा केलंस का, एवढंच.

मास्तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. “पुस्तकातला शब्द पुस्तकवाल्याच्या कानानं ऐकलेला असतो. तुमचा कान तुमचा आहे. तुम्हांला ऐकू येईल तोच शब्द खरा.” हे त्यांचे शब्द जसेच्या तसे आहेत. एक अक्षर मी माझ्या पदरचं घातलेलं नाही.

आता माझ्या मायचं सांगायला पाहिजे.

माय माझी अडाणी. पण आमच्या शिवारात तिला मान होता, तो तिच्या कानामुळं. सुगीत ज्वारी काढणीला आली की नाही हे दाणा दातांखाली धरून सगळेच बघतात. पण दाणा एका कणसाचा कळतो, रान सगळं कसं कळावं? त्यासाठी माय. लोक येऊन म्हणायचे, “गोदाची माय, जरा आमच्या रानाला कान देऊन जा.” मग ती जायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रानाकडं पाठ करून उभी राहायची, पदर कानावरून मागं सारायची, डोळे मिटायची. वाऱ्याची झुळूक येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. झुळूक आली, गेली, की माय सांगायची, “आली, काढा,” किंवा “आजून आठ रोज ऱ्हाऊ द्या.”

एकदा मी तिला विचारलं, “माय, तुला कसं कळतंय?”

“त्यात काय हाय? हिरवी ज्वारी सळसळती. पानात पाणी आसतंय, एकमेकावरनं घसरून जातंय. पिकली की पान वाळतंय, मग घसरत न्हाई, घासतंय. खसरखसर, खसरखसर. आईक की. रान बोलून राहिलंय.”

मी तिच्या शेजारी पाठ करून उभी राहिले, डोळे मिटले. आणि खरंच ऐकू आलं. डाव्या अंगाचं रान खसरखसर वाजत होतं आणि उजवीकडं, विहिरीच्या ओलीत, अजून सळसळ होती. एकाच वाऱ्यात दोन आवाज. मी तशीच पळत मदरशात गेले. त्या दिवशी मास्तरांनी मला “काय आणलंस?” विचारायची वाटसुद्धा बघितली नाही मी.

मास्तर ऐकत राहिले. मग त्यांनी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, मोठ्या अक्षरात. “ऐका रे. आख्ख्या पुस्तकात एक सळसळ दिलीय. या पोरीच्या आईनं त्यातून हिरवी आणि पिकली वेगळी काढली. हिला म्हणतात भाषा!” पंधरा दिवस ते दोन शब्द फळ्याच्या कोपऱ्यात होते. कोणाला पुसू दिले नाहीत. वहीतही गेले, पुढं माझं नाव. मायचंही घाला म्हटलं तर मास्तर हसले आणि त्यांनी तेही घातलं.

घरी येऊन मी मायला सांगितलं, तुझं नाव वहीत हाय. ती चुलीपुढं होती. “माजं? कामून?” म्हणाली. मग पाठमोरीच बराच वेळ भाकरी थापत राहिली. त्या दिवशीची थपथप जरा वेगळी होती. कशी ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मला सांगता येत नाही असे आवाज थोडे आहेत.

आबा, म्हणजे माझे वडील, यांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. वाईट नव्हते ते. पण सुगी तोंडावर, घरात हात कमी, आणि पोरगी रोज अर्धा कोस जाऊन आवाज गोळा करती! त्यात उर्दू शिकून पोरीला करायचं काय, असं भाऊकीत जो तो म्हणायचा. त्या साली गावात सगळेच जरा दबून बोलायचे. पारावर चार माणसं जमली की आवाज खाली. आबांना वाटायचं, पोरगी घरात बरी.

मास्तर एकदा आमच्या घरी आले. धुऱ्यावरच बसले, आबांनी त्यांना हुरडा भाजून दिला. मास्तर म्हणाले, “पोरीला काढू नका. हिच्यासारखा कान मी नांदेडलाही पाहिला नाही.”

आबांनी विचार केला. म्हणाले, “माघाच्या आखेरीला मोहतमीम साहेब तपासणीला येणार हायेत म्हणं. गावासमोर त्यांनी पोरीला शाबासकी दिली तर मी कोणाला जाब द्यायला न्हाई. मग पुढची दोन वर्सं शिकू द्या तिला. न्हाईतर त्याच दिवशी पाटी खाली.”

मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारे मोठे साहेब, बिदरहून यायचे.

“झालं तर मग,” मास्तर म्हणाले. “ही वही मी साहेबांच्या हातात देणार आहे. एकेका शब्दापुढं एकेका पोराचं नाव. तुमची पोरगी पहिल्या पानावर आहे.” माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. हुरड्याची काजळी होती बोटांना, माझ्या भांगात लागली. मी ती दोन दिवस पुसली नाही. आता लिहिताना माझाच मला राग येतो, पण खरं ते खरं.

तपासणीच्या दिवशी वर्ग शेणानं सारवला होता, दाराला आंब्याचे डहाळे. गावकरी व्हरांड्यात उभे. आबा डोक्याला नवा रुमाल बांधून दाराशी. माय आत आली नाही, बाया येत नव्हत्या, पण कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन ती मुद्दाम मदरशावरनं चालली होती आणि खिडकीपाशी भारा उतरवून थांबली होती. मला तिचा पदर दिसत होता.

मोहतमीम साहेब शेरवानीतले, गोरेपान, शांत गृहस्थ. त्यांनी उर्दूत पाढे विचारले, नद्या विचारल्या. त्यांच्याबरोबर एक नायब, म्हणजे हाताखालचे साहेब होते, तरणे, चष्मेवाले, पुण्याला शिकून आलेले आमच्याच मुलखातले. मराठीचं तपासायचं काम त्यांच्याकडं. त्यांनी पुस्तक उघडलं, चाळलं, आणि विचारलं, “शेतात ज्वारीचं पीक उभं आहे. वारा सुटला. पीक कसं वाजतं? कोण सांगेल?”

माझाच प्रश्न! मी मास्तरांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच बघत होते. मी हात वर केला, उभी राहिले.

“साहेब, हिरवं का पिकलेलं?”

नायब म्हणाले, “पीक म्हणजे पिकलेलंच की गं.”

“मग खसरखसर वाजतंय, साहेब.”

त्यांनी एकदा पुस्तकाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि हसत सुटले. चष्मा काढून डोळे पुसले. मोहतमीम साहेबांनी विचारलं, “क्या हुआ?” नायबांनी त्यांना काही तरी सांगितलं, तेही हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, माणूस भला होता. व्हरांड्यातली माणसं साहेब हसले म्हणून हसली.

“ही कुठली मराठी?” नायबांनी मास्तरांकडं वळून विचारलं. “मास्तर, तुम्ही शिकवलंत हे?”

इथं मी थांबते जरा. पन्नास वर्षं झाली, त्या दोन क्षणांवर येऊन मी रोज थांबते. मास्तरांच्या टेबलावर रुमालात बांधलेलं दप्तर होतं आणि त्यातून ‘आवाजांची वही’चा पुठ्ठा बाहेर आलेला मला दिसत होता. हात लांब केला असता तर पुरला असता. मास्तरांचा हात हललाही. त्यांनी तो पुठ्ठा बोटानं आत सारला.

“छे, साहेब. खेड्यातली पोरं आहेत, घरून काहीबाही उचलून आणतात. किती सांगितलं तरी जात नाही.” मग माझ्याकडं वळले. “गोदे, कोणी शिकवलं तुला हे?”

मला विचारतोय! हा! पंधरा दिवस फळ्यावर ठेवणारा माणूस मला विचारतोय, कोणी शिकवलं! चाळीस पोरांना ठाऊक होतं. चाळीसच्या चाळीस खाली मान घालून बसली. माझ्या तोंडात आलं होतं, तुम्हीच तर. पण मास्तरांचा चेहरा घामानं डबडबला होता. मला त्यांची दया आली. दहा वर्षांच्या पोरीला चाळिशीच्या माणसाची दया आली, काय म्हणावं याला! मी त्यांना वाचवलं.

“मायनं शिकवलं,” म्हणाले.

“मग आईकडंच शिक,” नायब म्हणाले. पुन्हा हशा.

“बैस खाली,” मास्तर म्हणाले. “सळसळ म्हणतात त्याला. काय म्हणतात? सगळ्यांनी म्हणा.”

आणि वर्गानं म्हटलं. तीनदा म्हटलं. सळसळ, सळसळ, सळसळ. मीही म्हटलं. खिडकीतला पदर कधी गेला ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर माझी पाटी आबांनी स्वतः उचलून माळ्यावर ठेवली. रागानं नाही, नीट, फडक्यात गुंडाळून. “उद्यापास्नं मायसंगं रानात जा,” म्हणाले. मी मास्तरांची वाट बघितली. मला वाटलं, येतील. धुऱ्यावर बसतील, आबांना म्हणतील, पोरीची चूक नव्हती, मी भ्यालो. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी. आबांनी ऐकलं असतं, मास्तरांना ते मान द्यायचे. सुगी संपली, खळं झालं, दाणे घरात आले. मास्तर आले नाहीत. चैत्रात कळलं, त्यांना नांदेडची बदली मिळाली. वहीही गेली त्यांच्याबरोबर.

माझ्या शाळेचं तर झालंच, पण त्याहून मोठं एक झालं. दोन दिवसांनी शेजारचे रानवाले आले, “गोदाची माय, कान देऊन जा.” माय टोपलीत शेण भरत होती. तिनं वर पाहिलं नाही. “मला काय कळतंय? आडाणी बाई मी. मास्तरला इचारा,” म्हणाली. ते गेले, नुसता दाणा चावून त्यांनी काढणी धरली, आणि त्यांच्या निम्म्या रानातला दाणा खळ्यावर सुरकुतून गेला. गावात मायवर खापर फुटलं. तरी ती पुन्हा कधी कोणाच्या धुऱ्यावर उभी राहिली नाही. मी काही विचारलं की म्हणायची, “जा, उगं काम कर.” तिचं नाव मी घेतलं होतं. मास्तरांना वाचवायला मी माझी माय पुढं केली होती. म्हणून म्हणते, मास्तरांनी मला एकटीला नाही फसवलं, माझ्या हातून मायलाही फसवलं.

पुढं निजामाचं राज्य गेलं. माझं लग्न झालं, लातूरला आले. थोरला लेक सातवीला बसला तेव्हा त्याच्या पुस्तकांवर मीही सातवी दिली. लोक हसले, हसू दिलं. मग बालवाडीत लागले, वीस वर्षं पोरं सांभाळली. आणि बघा गंमत, मी शिकवायचे कसं? डोळ्यांना पदर बांधून, मागं सूप पाखडून, “काय आणलंस?” विचारून. मास्तरांचीच रीत. दुसरी मला येतच नव्हती. कधी कधी एखादं पोर म्हणायचं, “बाई, आमच्या घरी गाय हंबरत न्हाई, हुंबाळती,” आणि माझा जीव भरून यायचा, आणि त्याच वेळी त्या माणसाचा असा संताप यायचा की पोराला शाबासकी देताना माझा आवाज चिरकायचा. ज्यानं दिलं त्यानंच काढून घेतलं, मग त्याचं देणं मानावं तरी कसं आणि टाकावं तरी कसं?

माझी लेक मुदखेडला दिलेली आहे. काही वर्षांपूर्वी असाच माघ होता, मी तिच्याकडं गेले होते. जावई सहज बोलता बोलता म्हणाले, नांदेडला त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे मास्तर आहेत, कधी काळी उदगिरात होते. कानानं ठार बहिरे झालेत. मी नाव विचारलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच नांदेडच्या बसमध्ये बसले. वाटभर ठरवत होते, काय बोलायचं. सगळं पाठ केलं होतं. पण बहिऱ्या माणसाला भांडण ऐकवायचं कसं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मास्तर खाटेवर बसले होते. सगळं अंग आटलेलं, कान तेवढे तसेच मोठे. उशाशी पाटी आणि खडू; भेटायला येईल त्यानं पाटीवर लिहायचं. मी लिहिलं, ‘गोदावरी. उदगीर.’

त्यांनी पाटी डोळ्यांशी नेली. मग माझ्याकडं पाहिलं आणि मोठ्यानं ओरडले, “गोदे!” बहिरी माणसं बोलतात तसं, घर दणाणेल असं. त्यांची सून आतून धावत आली. “अहो, ही माझी गोदा! काय कान होता या पोरीचा!” त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी उभीच होते.

“वही गेली गं,” म्हणाले. “गोदावरीच्या पुरात घरात पाणी शिरलं तेव्हा गेली. आणि आता कान गेले. आठ वर्षं झाली. शब्द सगळे आहेत, आवाज एक नाही.” मी वाट बघत होते. आता बोलतील, आता त्या दिवसाचं बोलतील. त्यांचे ओठ हललेही. पण निघालं दुसरंच.

“तिकडं सुगी आली असेल ना? तू रानातनं आलीस. ज्वारी वाजत असेल. कशी वाजतीय? लिही ना. एकदा लिही. वाचून तरी ऐकू दे.”

त्यांनी खडू माझ्या हातात दिला. मुदखेडपासून नांदेडपर्यंत बसच्या दोन्ही अंगांना पिकलेली रानं होती. बस थांबली की खिडकीतून तोच आवाज आत येत होता, खसरखसर, खसरखसर, सगळ्या वाटेनं. त्यांना काय हवंय ते मला कळत होतं. या जगात त्यांना ते देऊ शकेल असं दुसरं कोणी उरलं नव्हतं, माय तर केव्हाच गेली होती.

मी पाटी पुसली आणि लिहिलं, ‘सळसळ.’

त्यांनी वाचलं. मला वाटलं होतं, ओशाळतील, निदान मान खाली घालतील. त्यांनी मान हलवली, हळूच, वर्गात हलवायचे तशी, आणि या वेळी अगदी हलक्या आवाजात म्हणाले,

“म्हणजे कच्चीच आहे अजून. काढू नका म्हणावं.”

मी खडू खाटेवर ठेवला आणि निघाले. परतीच्या बसमधून बघत होते. मुदखेडपर्यंत निम्म्या रानांत काढणी लागली होती.